तुम्ही विचारलंत म्हणून: मुली समुद्राला घाबरतात का?

"सेलिंगमध्ये मुली एवढ्या कमी का, घाबरतात का हो?" दर रिगाटाला, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला, चहाचा कप हातात घेऊन कोणीतरी हे विचारतंच, आणि मी क्लबच्या कमिटीवर आहे म्हणून मलाच विचारतात.

नाही घाबरत. ऑप्टिमिस्ट म्हणून छोटी होडी असते, जेमतेम २.३ मीटर, एक शीड आणि एकच पोर. ती सुरुवातीलाच मुद्दाम उलटी करायला लावतो, मग पोहत मागे जायचं, वर आलेल्या डॅगरबोर्डला, म्हणजे होडीच्या तळातून निघणाऱ्या फळीला, लोंबकळायचं आणि होडी सरळ करून आत चढायचं. मागच्या बॅचला एक पोरगी नाकातोंडात पाणी गेल्यावर खोकत खोकत विचारते, मॅडम, परत उलटू का?

अडतं ते कपडे बदलायच्या खोलीपाशी. हसू नका. मी कमिटीत आले तेव्हा मुलींसाठी एक पत्र्याची खोली होती, आत फाटकी शिडं रचलेली, आणि दाराला आतून कडीच नाही. मीटिंगमध्ये नव्या होड्यांवर तासभर चर्चा आणि कडीचा विषय काढला की "नंतर बघू". शेवटी मीच हार्डवेअरवाल्याकडून आणून बसवली.

दुसरी अडचण वाऱ्याची. खारे वारे दुपारनंतर जोर धरतात, म्हणजे खरी प्रॅक्टिस तेव्हाच, होड्या धुऊन आवरेपर्यंत अंधार पडतो, मग घरचे म्हणतात एकटी येणार कशी. त्यांचं चुकतं असंही नाही. आता स्टेशनपर्यंत कोणीतरी सोबत जातं, बहुतेकदा मीच.

सगळ्यात अवघड गेलं कोळीवाड्यात. घरात तीन पिढ्या दर्यावर, बाप नाखवा, पण पोरीने होडीत बसायचं म्हटलं की आईचाच नकार, बायकांचं काम बाजारात म्हणे. आणि त्या पोरीला वारा फिरलेला आमच्या कोचच्या आधी कळतो!

आणि हा फक्त श्रीमंतांचा खेळ म्हणणाऱ्यांना मी नेहा ठाकूरचा फोटो दाखवते. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकली, आणि २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सिल्व्हर. चेन्नईची नेत्रा कुमनन तर २०२१ मध्ये ऑलिंपिकला क्वालिफाय झाली, सेलिंगमधली पहिली भारतीय बाई. फोटो बघून बाप लोक लगेच पाघळतात, आया मात्र खोली बघायला येतात, दार लावून बघतात.

कडी गंजलीय परत, खाऱ्या हवेत लोखंड किती टिकणार. यावेळी पितळेची आणते. मीटिंगमध्ये मांडत बसले तर पावसाळा येईल.