सीपीएल हाती आल्यानंतरची तीन वर्षे

2019 च्या ऑगस्टमध्ये माझे व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स, म्हणजे सीपीएल, हाती आले, तेव्हा तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेकांची समजूत अशी झाली की आता पुढच्या महिन्यापासून पगार सुरू होणार. प्रत्यक्षात लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, जेमतेम 200 तास होते, डोक्यावर 30 लाखांचे कर्ज होते, आणि त्याच वर्षी 17 एप्रिलला जेट एअरवेजची विमाने थांबल्यामुळे हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरी शोधत होते. त्यांच्यासमोर माझ्या अर्जाला किती किंमत असणार, हे मला न सांगताही कळत होते.

कर्जाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच ठरले. आमची द्राक्षबाग आहे, पण बँकेने शेतजमीन तारण म्हणून घेतली नाही. शेवटी चुलत्यांनी सांगलीत विश्रामबागेत असलेला आपला राहता फ्लॅट गहाण ठेवला. अकरा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत, म्हणजे महिना सुमारे 41,300 रुपये हप्ता. आणि तो शिक्षण संपल्यापासून सहा महिन्यांनी सुरू होणार होता.

माझ्यासमोर तेव्हा दोनच वाटा होत्या. पहिली म्हणजे आणखी 17 ते 18 लाख घालून एअरबस ए-320 चे टाइप रेटिंग (त्या विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता) करायचे आणि एअरलाइनच्या बोलावण्याची वाट पाहायची. दुसरी म्हणजे सहायक उड्डाण प्रशिक्षक व्हायचे आणि कमी पगारात का होईना, पण उडत राहायचे. पुण्याच्या एका सल्लागाराने पहिल्या वाटेचा फार आग्रह धरला. रेटिंग असलेल्यांनाच आधी बोलावतात, हे त्याचे म्हणणे भरतीच्या काळात खरेही असते. पण भरती कधी निघेल याची हमी तो देऊ शकत नव्हता.

त्या रात्री काकांच्या स्वयंपाकघरात वडिलांनी बेदाण्याच्या सौद्यांचे भाव लिहिण्याची आपली चोपडी उघडली आणि एका कोऱ्या पानावर दोन्ही वाटांचा खर्च मांडायला सांगितला. रेटिंगनंतर नोकरी मिळाली नाही तर ते टिकते का, असे त्यांनी विचारले. सिम्युलेटरवर (कॉकपिटची हुबेहूब नक्कल असलेल्या यंत्रावर) ठरावीक मुदतीत पुन्हा तपासणी द्यावी लागते आणि तिचेही पैसे लागतात, शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे (बाहेर न पाहता उपकरणांवरून विमान उडवण्याच्या पात्रतेचे) आणि क्लास वन मेडिकलचे, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीचे, दरवर्षी नूतनीकरण असते ते वेगळेच, असे मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवला तरी भाडं चालूच राहतं, आणि भाव येईलच असं कुणी लिहून देत नाही." त्या पानावर रेटिंगच्या रकान्यावर त्यांनी आडवी रेघ मारली.

माझ्या बॅचमधल्या एका मित्राने नेमके तेच रेटिंग त्या वर्षी केले. पुढे अडीच वर्षे त्याला एकही बोलावणे आले नाही आणि सराव टिकवण्यासाठी त्याचे आणखी काही लाख गेले. त्याच्यात गुणवत्ता कमी नव्हती. वेळ चुकली, एवढेच.

सहायक प्रशिक्षकाचे रेटिंग मला 2020 च्या फेब्रुवारीत मिळाले. उड्डाण प्रशिक्षण संस्थेत पगार 35,000, म्हणजे हप्त्यापेक्षा कमी. उरलेले पैसे वडील भरणार होते. पहिला हप्ता गेला आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली, 25 मार्चपासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणेही बंद झाली. रिझर्व्ह बँकेच्या सवलतीमुळे ऑगस्टपर्यंत हप्ता थांबला, व्याज मात्र थांबले नाही.

संस्था पुन्हा सुरू झाल्यानंतरची पावणेदोन वर्षे मी उजव्या सीटवर बसून काढली. विद्यार्थी धावपट्टीवर उतरताना विमानाचे नाक फार लवकर वर उचलतो, वेग पडू लागतो, आणि आपला हात योकपासून (विमानाच्या सुकाणूपासून) बोटभर अंतरावर ठेवून, त्याला स्वतः सुधारायला किती क्षण द्यायचे, हे ठरवायचे असते. या कामाने मला दोन गोष्टी दिल्या. प्रशिक्षकाचे तास लॉगबुकात पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून नोंदले जातात, त्यामुळे 2022 च्या मध्यापर्यंत माझे एकूण तास 1,050 झाले. दुसरे म्हणजे एअरलाइनमध्ये सहवैमानिक उजवीकडेच बसतो, त्यामुळे निवडीच्या सिम्युलेटर चाचणीत ती बाजू मला परकी वाटली नाही. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत झाल्यावर निवडपत्र आले, आणि मगच मी टाइप रेटिंगचे पैसे भरले. खर्च तेवढाच झाला, पण या वेळी त्याच्यामागे नोकरी होती.

पगाराबाबत नव्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची सर्वात मोठी चूक जाहिरातीतला मोठा आकडा धरण्यात होते. प्रशिक्षणाच्या काळात फक्त विद्यावेतन मिळते. ते मला महिना 60,000 होते. प्रत्यक्ष लाइनवर, म्हणजे नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर, मोकळे सोडल्यानंतर पहिल्या पूर्ण महिन्यात सुमारे 1 लाख 60 हजार हाती आले. यातला एक भाग ठरावीक असतो आणि दुसरा उडालेल्या तासांवर असतो, म्हणून करारात किती तासांची हमी आहे हे आधी वाचावे. नियमाने वर्षाला 1,000 तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, पण कमी उडण्याला मर्यादा नाही. विमाने जमिनीवर राहिली की हाती येणारी रक्कम थेट घटते. नोकरी सोडल्यास बाँडचे (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचे) किती पैसे भरावे लागतील, हेही सहीपूर्वी विचारावे, त्यात संकोच बाळगू नये.

मेडिकलमध्ये एखादा दोष निघाला तर त्या दिवसापासून उड्डाण थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा विमा मी पहिल्याच पगारातून घेतला. काकांच्या फ्लॅटचे कागद अजून बँकेतच आहेत.