जिप्सीचा पुढचा एक्सल आणि ‘ये तो बंद हो गई’

सुट्या भागांच्या काउंटरवरचा माणूस मान वर न करता ‘ये तो बंद हो गई, भिया’ म्हणाला, तर त्याचा अर्थ भाग मिळत नाही असा मुळीच होत नाही. त्याने नीट शोधलेलं नाही, एवढाच होतो. जुनी फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी) सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे डोक्यात पक्कं ठेवावं.

माझ्याकडे 1998 ची मारुती जिप्सी किंग आहे, 1298 सीसीची, कार्बोरेटरवाली. बाबांनी घेतलेली, म्हणून विकायचा प्रश्नच नाही. इंजिन, क्लच, ब्रेक ही सगळी कामं इंदुरातच सुरळीत झाली. अडलं ते पुढच्या एक्सलवर. पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा आला की स्टेअरिंग असं धडधडायचं की गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नसे. सिमरोलच्या घाटात आई शेजारी बसलेली असताना हे झालं, तेव्हापासून मी गाडी बाहेरच काढली नाही.

टायर बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, टाय रॉड एंड बदलले. फरक शून्य. शेवटी आमच्या मिस्त्रीकाकांनी चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं आणि मला म्हणाले, “आता ब्रेक दाबून धर.” ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, गेला, तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला, तर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटावर डावी-उजवीकडे वळतं त्याचा. आमचा राहिला. नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारं चाकामागचं घर, उघडल्यावर आतलं ग्रीस काळं, पातळ झालेलं आणि गिअर ऑइलचा वास मारणारं निघालं. एक्सलचं आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन काढतं आणि बेअरिंग कोरडं पडतं. किंगपिनचं बेअरिंग पूर्ण फिरत नाही, थोड्याशा कोनातच मागेपुढे होतं, त्यामुळे रोलर एकाच जागी कप (बेअरिंगची बाहेरची कडी) दाबत राहतात आणि त्यावर रेघा पडतात. नख फिरवलं की त्या रेघांत अडकत होतं.

म्हणजे लागणार होतं काय? किंगपिनची बेअरिंगं, आतली ऑइल सीलं आणि नकलचा बाहेरचा सील सेट. यादी एवढीच.

आणि इथे माझे दिवस गेले. काउंटरवाल्याने कॉम्प्युटरवर ‘जिप्सी’ टाइप केलं, दोन मिनिटं स्क्रीन पाहिली आणि बंद झाल्याचं सांगून टाकलं. जिप्सी 1985 च्या डिसेंबरात आली आणि 2019 मध्ये बंद झाली. चौतीसेक वर्षं चाललेली, लष्कराने भरभरून वापरलेली गाडी. तिचं सील मिळत नाही, हे मला पटेना. मी एक्सलची आकृती उघडायला सांगितली. “चेसिस नंबर लाओ.” आणला. मग साहेब जेवायला गेलेले. मग सिस्टम बंद. एकाने तर शांतपणे सुचवलं की अख्खा एक्सलच कुठून तरी घ्या. तीन सीलांसाठी अख्खा एक्सल! अखेर ऍडव्हान्स भरून ऑर्डर घेतली. फोन लावावा तर कोणी उचलायचं नाही, उचललाच तर ‘कल बताते हैं’. पुढे एकदाचा खोका आला. त्यात नकलचं रबरी सील होतं, फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी नव्हती आणि आतलं ऑइल सील भलत्याच मापाचं. वर ऐकवलं की ऑर्डरचा माल परत होत नाही. माझ्या पावतीवर पार्ट नंबर लिहून घेतलेला होता, तो मॅनेजरसमोर ठेवला तेव्हा पैसे सुटले. त्या माणसाने एकदाही ‘चूक झाली’ म्हटलं नाही, याचा राग मला आजही आहे. पावतीवर नुसतं ‘सील’ लिहू देऊ नका. नंबर लिहून घ्या, सही घ्या.

खरं काम इंदूरच्या सियागंज बाजारात झालं, तेही बेअरिंगच्या दुकानात. तिथे गाडीचं नावसुद्धा सांगावं लागलं नाही. जुनं बेअरिंग पुसून कडेवरचा कोरलेला नंबर दाखवला, तेवढ्यावर काम झालं. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे 04 किंवा पुढचे असतील तर त्यांना पाचने गुणा, आतला व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. 03 असेल तर 17 मिमी. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. पुसली गेली असेल तर व्हर्नियरने मोजा. त्यामुळे जुना भाग कितीही घाण असला तरी फेकायचा नाही, पिशवीत घालून सोबत न्यायचा. फेल्टसकट पूर्ण सेट मात्र दिल्लीहून पार्सलने मागवला.

दिल्लीच्या मायापुरीसारख्या भंगार बाजारातून डिफरन्शियल घेणार असाल, तर आधी क्राउन आणि पिनियनचे, म्हणजे त्यातल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचे, दात मोजून त्यांचं प्रमाण काढा. पुढचं आणि मागचं प्रमाण एकच हवं, नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो. प्रमाण बरोबर असलं तरी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावूच नका; पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल या गाडीला नाही.

बसवताना काकांनी घाई केली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. किंगपिनखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) एकेक करून काढायच्या, प्रत्येक वेळी स्प्रिंगचा वजनकाटा लावून नकल किती ओढीला हलते ते पाहायचं. शिम कमी केली की बेअरिंग घट्ट होतं. हाताच्या अंदाजाने हे करणारा मिस्त्री असेल तर गाडी उचलून दुसरीकडे न्या. डिफरन्शियलच्या घराचा ब्रीदरही (हवा जाण्याची नळी) तेव्हाच साफ करून घ्या. तो माळव्याच्या काळ्या मातीने बुजला की आत दाब वाढतो आणि नवीन सीलसुद्धा गळायला लागतं. आमचा पूर्ण बुजलेला होता, आणि आधीच्या एकाही गॅरेजने तो पाहिलाच नव्हता.

परवा इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर जाऊन आलो. सत्तरला स्टेअरिंग एका हातात राहतं. बेअरिंग बसून घेतात, म्हणून पाचेकशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून प्ले तपासायला सांगितलंय. ते काम दिवाळीआधी.