तुम्ही विचारलंत म्हणून: कमी पैशात जनावर नीट सांभाळता येतं का?

घरात एक कुत्री, एक बोका आणि पगार एकच, त्यामुळे हे परवडतं कसं असं मला सारखं विचारतात, आणि बऱ्याचदा त्यामागे खरा प्रश्न वेगळाच असतो, की आमच्याकडे पैसे बेताचे आहेत मग आम्ही पाळूच नये का. पाळा की. फक्त कुठला खर्च टाळायचा नाही हे आधी पक्कं करा, बाकी पुष्कळ टाळता येतो.

मी नेमकं उलटं केलं होतं. माझ्या कुत्रीला, बिजलीला, छान पट्टे, मऊ गादी, खेळणी सगळं आणलं आणि नसबंदी मात्र पुढे ढकलत राहिले, कशाला उगाच ऑपरेशन म्हणून. ती आठ वर्षांची असताना माजावर येऊन गेली आणि महिन्याभराने अचानक खूप पाणी प्यायला लागली, खाणं कमी, नुसती पडून. मी म्हटलं उन्हामुळे असेल, दोन दिवस थांबले. तो पायोमेट्रा निघाला, म्हणजे गर्भाशयात पू होतो, नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढलं की हा धोका असतो आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर जीव जातो. रात्री ऑपरेशन झालं. जे पैसे वाचवले म्हणून मी खूश होते त्याच्या कितीतरी पट भावाकडून उसने घ्यावे लागले, पण ते फिटले हो, ते दोन दिवस मात्र अजून आठवतात. ती सांगत होती आणि मी ऐकलं नाही.

तर नसबंदी, रेबीजची लस आणि पिल्लाच्या लसी, यात काटकसर नको. पिल्लाला एकच लस देऊन थांबतात लोक, तसं करू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला वाचवते पण तीच लसीलाही अडवते, आणि ती नक्की कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार, त्याच्या उपचाराला जे लागतं त्यापुढे हे काहीच नाही. बऱ्याच ठिकाणी पशुवैद्यकीय कॉलेजची हॉस्पिटलं आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था हे कमी दरात करतात, विचारायला लाजू नका. डॉक्टरांनाही आधीच सांगा की माझ्याकडे एवढेच आहेत, आधी कुठली टेस्ट जास्त गरजेची. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत.

पण घरचं औषध स्वतःच्या मनाने अजिबात नको. पॅरासिटामॉलची आपली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं तरी तेच.

आणि खायला कमी घाला! हे ऐकून लोकांना वाईट वाटतं पण एका अभ्यासात ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या २४ जोड्या लावून त्यांना आयुष्यभर बघितलं होतं, प्रत्येक जोडीतल्या एकाला २५ टक्के कमी खाणं, तर कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले आणि दुसरे ११ वर्षं, शिवाय सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. म्हणजे जवळपास दोन वर्षं जास्तीची सोबत, तीही खर्च कमी करून. वाटीने मोजून घाला, अंदाजाने नको.

बाकी जे लागतं ते विकत मिळत नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ साली एक दफन सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं, एक पुरुष, एक बाई आणि सोबत सात महिन्यांचं एक पिल्लू. दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी सांगितलं की त्या पिल्लाला बहुतेक डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा संसर्ग) झाला होता आणि त्यात ते कित्येक आठवडे तगलं, म्हणजे कोणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, स्वच्छ केलं असणार, नाहीतर एवढं जगलंच नसतं. आजारी पिल्लू त्यांच्या काय कामाचं होतं? मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ बिजलीजवळ बसून होते.

तेव्हापासून रोज रात्री दोघांना दहा मिनिटं देते. कान हुंगायचे, हिरड्या बघायच्या (गुलाबी हव्यात, फिक्या किंवा पिवळट दिसल्या की दवाखाना), बोटांच्या मधे गोचीड, अंगावरून हात फिरवत गाठ लागते का, फासळ्या हाताला लागतात का. बोका लघवीला जातो पण होत नाही असं दिसलं तर मध्यरात्री सुद्धा निघायचं, नर मांजरांचा मार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसात सगळं संपू शकतं. महिन्यातून एकदा वजन, बिजलीला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजा करायचं. बिजली आता तेरा वर्षांची आहे, मला उचलवत नाही म्हणून मुलगा उचलतो, आणि काट्यावर असताना ती मान वळवून मला शोधत राहते.