सुरमईनं रॉड नेला, त्याची गोष्ट

गेल्या नोव्हेंबरात देवगडच्या समुद्रात माझा मासेमारीचा रॉड गेला. मोडला नाही, गेला. रीलसकट, दोरीसकट, लूरसकट (लूर म्हणजे नकली आमिष). मागं पाण्यात एक ढवळ दिसली, रील अर्धा सेकंद किंचाळलं आणि होल्डरमध्ये बघतो तर काहीच नाही. मेहुणा इंजिनाच्या हँडलवर हात ठेवून म्हणाला, "भावजी, सुरमय मोठी होती. माका बघूक पण मिळाली नाय."

मी राहायला कोल्हापुरात, धंदा उद्यमनगरात. दोन लेथ, एक मिलिंग, एक आर्गन वेल्डिंगचा सेट आणि तीन माणसं. पंपाचे शाफ्ट आणि बुश हे आमचं रोजचं काम. सासुरवाडी देवगडची, त्यामुळं लग्नानंतर समुद्र लागला. त्याआधीची माझी मासेमारी म्हणजे रंकाळ्यावर काठीला गळ बांधून चिलापी काढायची. तिथं होल्डर म्हणजे मातीत रोवलेलं बाभळीचं बेचकं. माशानं ओढलं तर काठी पडायची, एवढाच धोका. आता महिन्यातनं एखाद्या रविवारी घरचं मटण सोडून हा गडी पहाटे फोंडा घाट उतरतो, याचं गल्लीत अजून कुणाला पटलेलं नाही.

मेहुण्याची होडी फायबरची, २२ फुटी, मागं आऊटबोर्ड. चालत्या होडीमागं लूर ओढत न्यायचा, पाच-सहा नॉटच्या वेगानं; यालाच ट्रोलिंग म्हणतात. रॉड हातात धरून कोण बसणार, दोन-दोन, तीन-तीन रॉड असतात. ते होल्डरमध्ये उभे. मासा लागतो तेव्हा पहिला दणका हातावर येत नाही, होल्डरवर येतो. मी रील घेताना पंधरा दिवस व्हिडिओ बघितले, लूरचा रंग कुठला यावर मेहुण्याशी भांडलो, आणि होल्डर मात्र सगळ्यात शेवटी, दिसला तो उचलला. काळ्या प्लॅस्टिकचा, पाइपला आवळायचा. होडीच्या मागच्या आडव्या रेलिंगला लावला, हातानं हलवून बघितला, घट्ट वाटला.

परत येताना घाटात बायको झोपलेली आणि मी मनात हिशोब घातला. धंद्यातल्या माणसानं हा हिशोब आधी घालायला पाहिजे होता, पण दिव्याखाली अंधार.

दोरी ५० पौंडी, म्हणजे तुटायला साधारण २३ किलो लागतात. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, तिच्या तिसऱ्या हिश्शावर लावतात, म्हणजे सात-आठ किलो. आठ धरू. रॉड साडेपाच फुटी, त्यातला वीतभर होल्डरमध्ये, बाहेर राहिला १.४ मीटर. दोरी रॉडला काटकोनात ओढायला लागली की होल्डरच्या तोंडाशी ११ किलो-मीटरच्या (किलो गुणिले मीटर) पुढं पीळ येतो. रॉड वाकतो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण झटक्याचा जोर धरला तर ते फिटंफाट. आता हाच पीळ त्या आवळपट्टीनं २५ मिलीमीटरच्या गोल, ओल्या, गुळगुळीत पाइपवर नुसत्या घर्षणानं पेलायचा. त्रिज्या साडेबारा मिलीमीटर. भागाकार केला तर जवळजवळ ९०० किलोचं घर्षण लागतंय! हातानं पिळायच्या दोन प्लॅस्टिकच्या स्क्रूंवर. पट्टी पाइपभोवती फिरली, होल्डरचं तोंड मागं पाण्याकडं आडवं झालं आणि रॉड म्यानातनं तलवार निघावी तसा निघून गेला. होल्डर मोडला नव्हताच. अजून माझ्या टेबलावर आहे, पेन ठेवतो त्यात.

म्हणजे आवळपट्टीचे सगळे वाईट असं नाही. रेलिंग आडवं नसेल, पट्टी धातूची असेल आणि पाइपातनं आरपार एक पिन घातली असेल तर फिरायचा प्रश्नच मिटतो. पण आरपार भोक पाडायला मेहुणा तयार नव्हता.

दुसरा होल्डर स्टेनलेस स्टीलचा. २०२, ३०४, ३१६ हे त्या स्टीलचे प्रकार. सीझन चालू, कारखान्यात पंपाच्या ऑर्डरी तुंबलेल्या, म्हणून एका रेलिंगवाल्याकडनं दोन नग करून घेतले. "३०४ आहे साहेब, गंज नाही." आरशासारखं बफिंग. दोन महिन्यांत वेल्डिंगच्या कडेनं चहा सांडल्यासारखे डाग, मग त्या डागांखाली सुईनं टोचल्यासारखे खड्डे. लोहचुंबक लावून उपयोग नसतो. जिन्याच्या रेलिंगला चालतं ते २०२, बरं ३०४ आणि खरं समुद्राचं ३१६, तिन्हींना चुंबक जवळपास धरत नाही. दुकानात चुंबक लावून दाखवणारा माणूस एक तर स्वतः फसलेला असतो किंवा तुम्हाला फसवत असतो.

खाऱ्या पाण्यातला क्लोराइड स्टीलच्या पातळ थराला नेमका एका ठिपक्यात भोक पाडतो आणि मग आतनं खात जातो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते याला आडवं येतं. ३०४ मध्ये ते नसतं, आणि २०२ मध्ये निकेलसुद्धा कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. ओळखायचा साधा मार्ग म्हणजे मॉलीचं थेंबाचं किट. थेंब टाकायचा, बॅटरीची वायर लावायची, रंग बदलला तर मॉलिब्डेनम आहे. माझ्या चकचकीत होल्डरवर थेंब टाकला, काही बदललं नाही. निदान ३१६ नव्हतं, एवढं तर कळलं.

मग मात्र ठरवलं की घरचं काम घरी.

पाइपची गंमत सांगतो, कारण ही मला शोधल्यावर इतका आनंद झाला की रात्री बायकोला उठवून सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. बाजारातल्या चांगल्या होल्डरांचं आतलं माप ४१-४२ मिलीमीटरच्या आसपास असतं. आपल्याकडं मिळणारा ४० एनबी, शेड्यूल १० चा पाइप घ्या (एनबी हे पाइपचं नावापुरतं माप, शेड्यूल म्हणजे भिंतीची जाडी). बाहेरून ४८.३, भिंत २.७७, म्हणजे आतून पावणेत्रेचाळीस. आत प्लॅस्टिकचं पातळ अस्तर घातलं की सगळं जागेवर. मी ३१६ एल घेतला. एल म्हणजे कार्बन कमी, वेल्डिंगच्या उष्णतेनं कडेची गंजरोधक ताकद जात नाही. भाव ३०४ पेक्षा बराच चढा आहे, पण दोन फूट पाइपात असं किती पैसे जातात? आम्ही सळईच्या ढिगातनं वाया घालवतो त्यापेक्षा कमी.

पंचवीस सेंटिमीटरचे तुकडे कापले. तोंडाला लेथवर आतून-बाहेरून गोलाई मारली, कारण धारदार कड रॉडच्या मुठीचा फोम कापून काढते. बुडाला आडवी ८ मिलीमीटरची पिन. ही पिन बघितल्याशिवाय होल्डर घेऊच नका. ट्रोलिंगच्या रॉडच्या बुडाला अधिक चिन्हासारखी खाच असते, ती या पिनेवर बसते. त्यामुळं वर बसवलेलं जड रील ओढ आल्यावर कुशीवर वळत नाही. पिन नसेल तर रॉड होल्डरमध्येच गरागरा फिरतो आणि दोरी नको त्या बाजूनं धावते. खाच नसलेला रॉड असेल तर बुडाला रबरी टोपी घाला, नाहीतर पिन बूड चावून टाकते.

वरची पट्टी सहा मिलीमीटर जाड, पाइप उभ्या रेषेपासून ३० अंश कलेल अशी. आमचा वेल्डर मामा बघून म्हणाला, "मालक, ह्ये काय तोफ बसवायची हाय काय?" त्याला मी दोनच गोष्टी बजावल्या. वायर ३१६ एलचीच, आणि एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर, चालवलेला ग्राइंडरचा दगड याला लावायचा नाही. साध्या लोखंडाचे कण स्टीलात रुतले की तिथनंच तांबेरा सुरू होतो, मग कितीही भारी पाइप असू दे. नंतर पिकलिंग पेस्ट लावून वेल्डिंगचा निळा-काळा रंग काढला. हातमोजे घालूनच; त्या पेस्टमधलं ॲसिड चेष्टेचं नाही.

होल्डर झाले नाद खुळा. एसटीच्या पार्सलनं पाठवले, कारण मला पुढचे दोन रविवार जमत नव्हतं. इथं चूक झाली.

मेहुण्यानं उत्साहानं बसवून टाकले. काठाच्या फायबरला गोल भोक, वरनं पट्टी आणि प्रत्येक पट्टीला चार स्क्रू, खाली नट नाही. मी गेलो, रॉड लावले, या खेपेला अक्कल येऊन रॉडला मजबूत दोरी बांधून ती होडीच्या कडीला अडकवली होती. तासाभरानं मासा लागला. कडाड असा आवाज. माझा तोफेचा होल्डर, पिनेसकट, अस्तरासकट, एक ओरखडा न येता, फायबरचा हातभर तुकडा घेऊन हवेत. रॉड दोरीला लोंबकळत राहिला म्हणून वाचला. मेहुणा भोकाकडं बघत म्हणाला, "भावजी, तुमी होडी फोडूक इलास की मासे मारूक?"

पुन्हा हिशोब. अकरा किलो-मीटरचा तोच पीळ, पट्टीच्या स्क्रूंमधलं अंतर सात सेंटिमीटर. मासा मागं ओढतो तेव्हा पट्टीची मागची कड दाबली जाते आणि पुढचे स्क्रू उपटायला बघतात, मिळून १६० किलोनं. ते धरून काय बसले होते? पाच-सहा मिलीमीटर फायबर. त्यात स्क्रूचे जेमतेम तीन आटे. मी महिनाभर पाइपच्या मागं लागलो होतो आणि पाइप कधी मोडणारच नव्हता.

दुरुस्तीला एक अख्खा दिवस गेला. फाटलेली जागा कापून नवीन फायबर मारलं. मग आतून हात जाईल असं काठाखाली झाकणाचं भोक पाडलं, यासाठी मेहुण्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. खालून आधी मरीन प्लायचा तुकडा, सगळ्या कडा आणि भोकं इपॉक्सीनं बंद केलेला, त्याखाली पाच मिलीमीटरची ३१६ ची प्लेट, पट्टीच्या दुप्पट मापाची. आरपार बोल्ट, मोठे वायसर, नायलॉक (हादऱ्यानं सैल न होणारे) नट. मध्ये पाणी अडवायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. भोकसुद्धा गोल नको. ४८ चा पाइप ३० अंशांत तिरका जातो तेव्हा लांबीला ५६ मिलीमीटरचं लंबगोल लागतं. मेहुण्यानं मोठं गोल भोक पाडून सगळीकडं फट ठेवली होती. मी कागदावर छाप काढून नेला होता. दिशा पण बदलली, पाइप नुसते मागं नाही, थोडे बाहेरच्या अंगाला, म्हणजे दोन दोऱ्या वळणावर एकमेकींत जात नाहीत.

मग चाचणी. रॉडच्या जागी दीड इंची जाड पाइप? नाही, तो बसत नाही. २५ एनबीचा, ३३ मिलीमीटरचा बसतो. तो १.४ मीटर बाहेर काढून टोकाला दोर, दोराला भंगारवाल्याचा लटकता काटा, आणि जेटीवरनं आम्ही दोघं ओढायला. २० किलोपर्यंत नेलं. होडी कलली, बांधलेले दोर ताणले, जेटीवर बसलेली चार माणसं हसायला लागली. होल्डर हलला नाही. काठाच्या फायबरवर नख बसेल एवढीही चीर नाही.

त्यानंतर मे अखेरपर्यंत चार वेळा गेलो. दोन सुरमया आणि एक गेदर (ट्यूना), तिन्ही वेळा पहिला दणका होल्डरनं खाल्ला. आता रॉड बाहेर काढायचीच कसरत होते. मासा ओढत असताना पिन खाचेत गच्च बसते, तिरकं खेचलं तर येतच नाही. इंजिन मंद करायचं आणि पाइपच्या रेषेत सरळ वर उचलायचं. हे शिकताना माझा अंगठा एकदा चेमटला.

ज्यांच्याकडं लेथ नाही त्यांनी काय घ्यावं, असं दोघा-तिघांनी विचारलं. क्रोमचा मुलामा दिलेले ओतीव होल्डर मी घेणार नाही. आत बहुतेक वेळा जस्ताचं मिश्रण असतं, मानेशी काटकोनी कोपरा आणि त्यातच ओतकामाची हवा. कोल्हापूरच्या माणसाला ओतीव मालाची मान कुठं तुटते हे सांगायला नको. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम हलकं आणि चांगलं, पण त्याला स्टीलचे बोल्ट थेट भिडू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वायसर आणि सीलंट हवंच, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम बोल्टाभोवती पांढरं होऊन खचतं. प्लॅस्टिकला काच भरलेल्या नायलॉनचा असेल तर हलक्या दोरीला, धरणाच्या पाण्यात खुशाल वापरा. उन्हानं तो ठिसूळ होतो, पांढरट दिसायला लागला की बदला. बुडाला पाण्याचा निचरा आहे का बघा, आणि ते पाणी होडीच्या पोटात तर जात नाही ना, तेही. आणि ३१६ असलं तरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचं. माझ्या होल्डरवर एकदा न धुतल्यामुळं पिवळट डाग आलेच, घासल्यावर गेले.

पण हे सगळं बघायच्या आधी होडीच्या काठाखाली हात घालून बघा, तिथं नट आवळायला जागा आहे का. नसेल तर दुकानात जाऊच नका.

सध्या १ जूनपासून मासेमारीला बंदी, ३१ जुलैपर्यंत होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली. काल मेहुण्याचा फोटो आला. पाऊस धो धो, होडीत बसून हा जाळं विणतोय, आणि डाव्या होल्डरमध्ये उघडी छत्री उभी. खाली लिहिलंय, "भावजी, वारो मोप आसा, पण हलणा नाय."