मेथडमधले ‘धिस’ कोणाचे?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन्स एकत्र बांधून ‘ऑब्जेक्ट’ बनवण्याची पद्धत) शिकू लागलो तेव्हा ‘धिस’ (this, म्हणजे मेथड ज्यावर बोलावली तो ऑब्जेक्ट) हा शब्द मी बराच काळ केवळ तो लिहिल्यावर कोड चालतो म्हणून लिहीत होतो. त्याचा उलगडा झाला तो पायथन या भाषेमुळे, कारण तिथे साध्या मेथडचा (ऑब्जेक्टच्या फंक्शनचा) पहिला पॅरामीटर (फंक्शनला मिळणारी किंमत ज्या नावाने येते ते), ज्याला रूढीने ‘सेल्फ’ म्हणतात, आपल्याच हाताने लिहावा लागतो. एखाद्या खात्यावर ‘जमा’ ही मेथड 500 ही रक्कम देऊन बोलावली, की पायथन खाते वर्गातल्या (एका प्रकारच्या ऑब्जेक्टच्या साच्यातल्या) त्या फंक्शनला ते खाते आणि 500 अशा दोन गोष्टी पोहोचवतो. जावा आणि सी++ हेच काम पडद्याआड करतात. एका वर्गाचे हजार ऑब्जेक्ट असले तरी मेथडचा कोड एकच असतो, आणि शिल्लक नेमकी कोणाची वाढवायची हे त्याला या पॅरामीटरवरूनच कळते.

मराठीतला ‘आपला’ असाच वागतो. ‘सीमाने आपली वही उघडली’ आणि ‘रवीने आपली वही उघडली’ या वाक्यांत शब्द तोच आहे, पण वही कोणाची हे कर्ता ठरवतो.

जावाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (नवा ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) फील्ड (ऑब्जेक्टमध्ये साठवलेली किंमत) आणि पॅरामीटर दोघांचेही नाव ‘शिल्लक’ असेल आणि डावीकडे ‘धिस’ लिहायचे राहिले, तर पॅरामीटरची किंमत पुन्हा पॅरामीटरलाच दिली जाते. फील्ड शून्यच राहते आणि कंपायलर त्याला चूक मानत नाही.

खरी कसोटी जावास्क्रिप्टमध्ये लागते. तिथे साध्या फंक्शनमधले ‘धिस’ ते फंक्शन कुठे लिहिले यावर नव्हे, तर कसे बोलावले यावर अवलंबून असते. म्हणून एखादी मेथड कॉलबॅक म्हणून (दुसऱ्या कोडने नंतर बोलवावी यासाठी) सुटी काढून दिली, की तिचा मूळ ऑब्जेक्टशी असलेला संबंध तुटतो, आणि स्ट्रिक्ट मोडमध्ये (जावास्क्रिप्टच्या कडक नियमांच्या पद्धतीत) सुटे बोलावलेल्या अशा फंक्शनला ‘धिस’ म्हणून ‘अनडिफाइंड’, म्हणजे काहीच नाही, असे मिळते. 2015 मध्ये आलेली ॲरो फंक्शन्स (बाणाच्या खुणेने लिहिलेली फंक्शन्स) स्वतःचे ‘धिस’ ठेवतच नाहीत, ती बाहेरच्या कोडचे वापरतात. तरीही मला पायथनची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिथे हा पॅरामीटर मेथडच्या पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो.