गोष्टीतल्या यानाचं वजन ठरवताना: माझा अनुभव

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली तेव्हा कथानक तयार होतं. प्रॉक्सिमा या ताऱ्याकडे निघालेल्या यानाला अर्ध्या वाटेवर उलटं फिरून वेग कमी करायचा आहे, तेही घाईत. यान केवढं, एवढंच ठरायचं होतं. ‘गोष्टच तर आहे, लिही दोन किलोमीटर’ असं घरचे म्हणाले. मला ते पटेना. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत नारळीकर सरांना ऐकलेला वाचक पुण्यात घरोघरी आहे, तो पेन्सिल घेऊन बसतो.

अप्पा बळवंत चौकातून आलेखाची वही आणली. पण खरी सुरुवात भोसरीत झाली. माझा मामेभाऊ तिथे टूलरूममध्ये आहे. त्याने अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे पुढे केले. ‘‘ताई, हा पाच सेंटीमीटरचा, हा दहाचा. धर.’’ लहान ठोकळा साधारण ३४० ग्रॅमचा, मोठा २.७ किलोचा; मनगट खाली गेलं. बाजू दुप्पट, पृष्ठभाग चौपट, वजन आठपट. कागदावर हे शाळेपासून माहीत होतं, हाताला तेव्हा कळलं.

मग १०० मीटर लांब, १०,००० टनांचं यान धरलं. त्याला पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकं त्वरण द्यायला सुमारे ९८ मेगान्यूटन रेटा लागतो, म्हणजे माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ तिप्पट. तेच यान सगळ्या बाजूंनी पाचपट केलं की वजन १२५ पट होतं. इंजिनांचा रेटा नोझलच्या क्षेत्रफळावर ठरतो असं मानलं तर तो फक्त २५ पट. त्वरण उरलं एक पंचमांश. हट्टाने पहिल्याइतकंच त्वरण ठेवलं तर सांगाड्यावरचा ताण पाचपट, म्हणून सांगाडा जाड, म्हणून वजन आणखी. इंजिनांची उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही पुरत नाही, आणि अंतराळात उष्णता फक्त प्रारणानेच, म्हणजे किरणांच्या रूपातच, जाते.

वळण्यात तर मोठं यान फारच मार खातं. टोकांवरच्या छोट्या इंजिनांचा पीळ, म्हणजे यान फिरवणारा जोर, १२५ पट वाढतो, पण वळायला होणारा विरोध वजन गुणिले लांबीचा वर्ग, म्हणजे ३,१२५ पट. फिरण्याचं त्वरण २५ पट कमी, आणि वेळ त्याच्या वर्गमुळाने वाढतो. लहान यान एका मिनिटात उलटं फिरत असेल तर मोठ्याला पाच मिनिटं लागतात.

सगळ्यात आनंद मात्र रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीच्या १९०३ च्या रॉकेट समीकरणाने दिला. त्यात यानाचा आकार येतच नाही! इंधन भरलेल्या आणि रिकाम्या यानाच्या वजनांचं गुणोत्तर आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सारखा असेल, तर शेवटी दोन्ही यानं सारखाच वेग गाठतात. मोठं यान संथ असतं, पण कमी पल्ल्याचं नसतं. थांबायचं असेल तर मात्र हिशेब कडक होतो: वेग घ्यायला गुणोत्तर तीन लागत असेल, तर थांबण्यासकट तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ.

मी ५०० मीटरचंच यान ठेवलं. घाईचा प्रसंग मला हवा होता आणि तो या पाच मिनिटांत आपोआप तयार झाला: कप्तान बाईंनी हुकूम दिलाय, यान वळतंय, आणि आता कुणालाच काही करता येत नाही. संपादकांनी बाकीचे आकडे कमी करायला सांगितले, ते मी केले. पाच मिनिटं काढू दिली नाहीत.