बेलापूर ते घारापुरी शिडाच्या बोटीने, तिथी बघूनच जा

गेल्या महिन्यात मी आणि नवरा, मित्राची १८ फुटी शिडाची बोट घेऊन बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्याजवळून घारापुरीला जाऊन आलो. कोणी जाणार असेल तर आधी भरती-ओहोटीचं वाचा, कारण आमचं सगळं तिथेच फसलं.

रविवार मोकळा होता म्हणून रविवार धरला, पौर्णिमा आहे हे बघितलंच नाही. साडेआठला निघालो तर समोरून उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येची मोठी) भरती आत येतेय, वारा जवळजवळ नाही, शेवटी इंजिन लावून अटल सेतूपर्यंत गेलो. तिथून पुढे मात्र शीड भरलं. पुलाखालून शिडावर जाताना वर गाड्यांचा आवाज आणि खाली फक्त पाण्याचा, मला तो अर्धा मिनिट अजून आठवतो. न्हावा-शेवाच्या जहाजांच्या वाटेत अजिबात रेंगाळू नका, ती लांबून हळू वाटतात पण पटकन अंगावर येतात आणि आपल्यासाठी वळू शकत नाहीत. डोल जाळ्यांचे (प्रवाहात बांधलेली मासेमारीची जाळी) खुंटे पण बघत राहा.

घारापुरीला लेणी बघितली, दीडला परत निघालो. येताना पश्चिमेचा खारा वारा (समुद्रावरून जमिनीकडे येणारा) मस्त मिळाला पण ओहोटी उलटी, आणि पावणेचारला पनवेल खाडीच्या तोंडाशी बोट गाळात बसली. नवऱ्याने इंजिन चालू केलं, त्याने चिखल ओढला, थंड करणारं पाणी यायचं थांबलं, लगेच बंद केलं. उतरून ढकलावं असं त्याला वाटत होतं, मी हात धरून बसवलं. तो चिखल मांडीपर्यंत घेतो, प्लीज कोणी उतरू नका. नांगर टाकला, म्हणजे पाणी आलं की बोट अजून आत उथळात ढकलली जात नाही, आणि बसून राहिलो.

मग पाणी हटत गेलं तसे फ्लेमिंगो चालत जवळ आले. शेकडो. चोच उलटी करून गाळ चाळतायत, आम्ही बोलायचं पण बंद केलं. इतकी वर्षं नेरूळला राहून एवढ्या जवळून कधीच बघितले नव्हते. अंधार पडताना ते गेले, उलव्याच्या बाजूने चंद्र वर आला आणि सातनंतर बोट आपोआप हलली.

किनाऱ्यावर एक नाखवाकाका वाट बघत उभे होते, आम्ही सकाळी त्यांना सांगून गेलो होतो म्हणून (हे नक्की करा). त्यांनी हिशोब समजावला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा १५, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. तर अष्टमीला सातला निघायचं, ओहोटी आणि सकाळचा मतलई वारा (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) दोन्ही बाहेर नेतात, आणि दुपारी एक-दीडनंतर भरती आणि खारा वारा दोन्ही घरी आणतात. शिवाय तेव्हा भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) असते, पाणी उधाणासारखं खोल उतरत नाही.

बाकी: लाइफ जॅकेट अंगात, टॉर्च, प्रत्येकी ३ लिटर पाणी. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात नाहीच.

पुढची अष्टमी बुधवारी येतेय, आम्ही दोघांनी रजा टाकलीय.